तीन गुंठ्यांत चारशे घोडे

साताऱ्याच्या आसपास हायवेलगतची जमीन विकली गेली की गड्याचं पुढचं सगळं ठरलेलं असतं. गळ्यात साखळी येते, दारात पांढरी स्कॉर्पिओ उभी राहते आणि वाढदिवसाला पोवई नाक्यावर फ्लेक्स लागतो. लिंब फाट्याजवळची आमची जमीन गेली, भावाभावांत वाटण्या झाल्या, माझ्या वाट्याच्या तीन गुंठ्यांचे पैसे बँकेत पडले आणि मला यातलं काहीच हवंसं वाटलं नाही. घरात याचं फार कौतुक झालं. ते दोन दिवसही टिकलं नाही, कारण मला मस्टँग, म्हणजे फोर्डची ती दांडगी अमेरिकी गाडी, हवीशी वाटली.

गाडी माझ्याकडे आहे. नुसती गाडी नव्हे, स्पोर्ट्‌स कार. सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन माणसांची, फायबरच्या अंगाची, टप उघडणारी. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, घोडे, म्हणजे अश्वशक्ती, साठ. कुठेही उभी केली की भोवती माणसं जमतात, पण त्या कौतुकाचा सूर जरा निराळा असतो. पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारतो, "दादा, टप बसवायचा राहिलाय व्हय?" एका आजोबांनी तिला पूर्ण प्रदक्षिणा घातली, बोनेटवर बोटानं टकटक केलं आणि निकाल दिला, "पलाष्टिकची हाय." टप आहे हो, पण मागच्या पावसाळ्यात उंदरांनी त्याचा एक कोपरा खाल्ला. तेव्हापासून यवतेश्वराच्या अंगाला ढग दिसले की बायको मांडीवर छत्री घेऊन बसते. मिटलेली, आणि टोक माझ्या दिशेनं.

ऊसतोडीच्या हंगामात तर या गाडीत बसणं म्हणजे जमिनीलगतचं जीवन. आपलं डोकं ट्रॉलीच्या टायरच्या उंचीला येतं. ट्रॅक्टरवाल्याला आरशात आपण दिसत नाही, आणि त्याच्या स्पीकरपुढे आपला हॉर्न आपल्यालाच ऐकू येत नाही.

तर पुण्यातल्या एका गृहस्थांना दुर्मिळ गाड्या जमवायचा नाद. त्यांनी निरोप धाडला: तुमची स्टॉर्म द्या, वरचे पैसे द्या आणि माझी मस्टँग जीटी घेऊन जा. 'वरचे पैसे' हे त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं. २०१६ साली ही गाडी भारतात आली तेव्हा तिची शोरूमची किंमत ६५ लाखांच्या घरात होती. वापरलेली म्हणून कितीही कमी धरली आणि त्यातून माझी स्टॉर्म वजा केली, तरी आकडा फारसा हलत नव्हता.

मस्टँगसारखी मसल कार, म्हणजे बेताच्या अंगात दांडगं इंजिन घातलेली गाडी, ही मूळची अमेरिकेची हौस. १९६४ च्या सुमारास पाँटियाक या मोटार कंपनीच्या मंडळींनी आपल्या मध्यम अंगाच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ म्हटलं. मग तिकडची तरणी पोरं या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत कोण आधी पोचतो यावर इभ्रत लावू लागली. मस्टँगही १९६४ च्या एप्रिलातलीच. या सगळ्या खेळाचं माप पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. सरळ रस्ता, वळणाचं नाव नाही.

मी साताऱ्यात ४०२ मीटर शोधायला निघालो. डोंगराच्या कुशीत वसलेल्या गावात सरळ जागा मिळते ती फक्त उभी. एकीकडे अजिंक्यतारा, दुसरीकडे यवतेश्वराचा घाट, सज्जनगडाकडे जावं तर पुन्हा चढ. कोरेगाव रस्त्याला एक तुकडा जरा बरा वाटला. पावलांनी मोजत निघालो. निम्म्यात गतिरोधक. तो चुकवून पुढे मोजायला घेतलं तर म्हशी. म्हशी गेल्यावर रसवंतीगृह, आणि त्याच्या दारात आडव्या लावलेल्या मोटारसायकली. रसवंतीवाल्यानं विचारलं, "काय साहेब, रस्ता रुंद करायचाय काय?" मी नाही म्हटलं, तरी त्यानं मला सरकारी माणूस समजून रसाचे पैसे घेतले नाहीत. त्या सगळ्या मोहिमेतला तेवढाच फायदा.

तरी पुण्याला जाऊन गाडी चालवून पाहिली. ४९५१ सीसी, चारशेच्या आसपास घोडे. बटण दाबलं आणि पार्किंगमधल्या दोन मोटारसायकलींचे अलार्म आपोआप कोकलायला लागले. वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीत आल्या. तो आवाज मला कानात कमी आणि पोटात जास्त ऐकू आला, आणि त्या क्षणी कुणी पुढे कागद केला असता तर उरलेली जमीनही लिहून दिली असती. मग फाटकाबाहेर पडलो आणि चारशे घोड्यांसह पीएमपीच्या बसमागे लागलो. बस थांबली की आम्ही थांबायचो. एका ठिकाणी रस्ता मोकळा मिळाला, तिथे पाय दाबला. मान मागे गेली, चष्मा नाकावरून कपाळाला गेला आणि लगेच सिग्नल आला. "कळलं ना?" गृहस्थ म्हणाले. मी मान हलवली. हलत होती हे नशीब.

परत आल्यावर स्टॉर्म काढून कासच्या रस्त्याला लागलो. घाटात तिसऱ्यातून दुसरा, वळण, पुन्हा तिसरा. साठच्या साठ घोडे घाम गाळत होते. शर्यत मारल्यासारखा आनंद होत होता आणि काट्यावर वेग होता पन्नास. मस्टँगला पन्नासच्या वेगानं न्यावं तर साडेतीनशे घोडे नुसते बसून पगार खाणार. हा हिशेब मला मनापासून पटला. पण मग तो आवाज आठवायचा आणि हिशेब पुन्हा मांडावा लागायचा.

शेजारी निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना सल्ला विचारावा लागत नाही, ते देतात. "मराठ्यांनी मुलूख मारला तो भीमथडीच्या तट्टांवर," ते म्हणाले. "बुटकं, काटक, मिळेल ते खाऊन दिवसभर डोंगर चढणारं. अरबी घोडा दिसायला देखणा, पण तो पाळायला आधी जहागीर लागते. तुझी जहागीर तर तू विकून बसलास."

फिटरचं म्हणणं वेगळंच. "दादा, तुमच्या गाडीचं काय बी बिघडू द्या, डोकं लावून चालवतो. त्या गाडीला डोकं लावून उपयोग न्हाई. तिला तिचंच डोकं हाय."

राहता राहिलं घर. आमचा वाडा यादोगोपाळ पेठेत. फाटक सात फुटी, आणि आतला बोळही तेवढाच. मस्टँगची रुंदी १९१६ मिलिमीटर, आरसे धरले तर दोन मीटरच्या वर. टेप धरून मी सिद्ध केलं की गाडी आत जाते. पोरीनं विचारलं, "बाबा, दार कुठं उघडणार?" दारं दोनच, म्हणून लांबलचक. म्हणजे गाडी घरी येणार, पण मी घरात येणार नाही. "जेवणाचा डबा काचेतून देत जाईन," बायको म्हणाली. तिच्या आवाजात काळजी अशी काही दिसली नाही.

पण तिचा खरा मुद्दा पुढेच होता. "त्या गाडीत सीट किती?"

"चार. मागच्या दोन कागदोपत्री. पाय ठेवायला जागा नाही."

"पाय नसलेले पाहुणे आपल्यात नाहीत," ती म्हणाली. "दोन सीटची गाडी आहे म्हणून इतक्या लग्नांत आपल्याला कुणी एसटी स्टँडवर पिटाळलं नाही. तांदळाची पोती नाहीत, रुखवताची ताटं नाहीत, आहेराची भांडी नाहीत, रुसलेले मामा नाहीत. दोघं जातो, जेवतो, येतो. चारशे घोडे आणलेत की मांडवात पहिली हाक तुम्हाला."

जमीन विकल्यापासून इतकं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी पुण्याच्या गृहस्थांना कळवलं की तूर्तास राहू द्या. तूर्तास हे माझ्या पोटासाठी.

त्याच संध्याकाळी कराडहून चुलतभावाचा फोन आला. पुतणीचं लग्न ठरलेलं. बातमी त्याच्याकडे आमच्या आधी पोचली होती.

"दादा, मोठी गाडी घेतली म्हणं! मग हळदीदिवशी येताना स्टँडवरनं पुसेसावळीचे मामा-मामी आणि त्यांची दोन पोरं तेवढी घेऊन या."

मी विजयी सुरात म्हणालो, "नाही रे, नाही घेतली. अजून जुनीच आहे. दोनच सीटची."

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "असं म्हणता? मग असं करा, वहिनींना येऊ द्या एसटीनं. तुम्ही मामांना आणा."