लढाईचं संगीत आधी बंद करा

टेबलटॉप रोलप्लेइंगच्या खेळात डीएमगिरी, म्हणजे खेळ चालवायचं काम, करणाऱ्या तमाम मित्रमैत्रिणींनो, ही पोस्ट थोड्या भांडायच्या मूडमध्ये लिहितोय, सांभाळून घ्या. हल्ली मुंबईत ज्या टेबलावर खेळायला बसावं तिथे एक ब्लूटूथ स्पीकर असतोच आणि त्यातून सेशनभर ऑर्केस्ट्रा कोसळत असतो. गावात शिरलो, व्हायोलिन. सराईत जेवायला बसलो, बासरी. कुणी दाराची कडी वाजवली की ढोल. संगीताला माझा विरोध नाही, मी स्वतः लावतो. पण ते नेमकं कशासाठी लावायचं याचा विचार फार कमी जण करतात, आणि त्यापायी चांगले चांगले प्रसंग वाया जाताना बघितलेत.

जे हा खेळ खेळत नाहीत आणि तरीही वाचतायत त्यांच्यासाठी: टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे एक जण (डंजन मास्टर, म्हणजेच डीएम) जग उभं करून सांगतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्यात वावरतात, आणि जिथे काय होईल सांगता येत नाही तिथे फासे टाकतात. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स आणलं, ते छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांतून निघालेलं. नकाशा, सोंगट्या, पुस्तकं हे सगळं असतं, पण त्यातलं काही नसलं तरी खेळ होतो. बोलणं नसलं तर होत नाही. आणि स्पीकर भिडतो तो नेमका बोलण्याशी.

एक प्रसंग सांगतो. दुसऱ्याच्या टेबलावर होतो, नुसता खेळाडू म्हणून. घाटातली चौकी, आमच्याकडे खोटा परवाना. आमच्यातल्या एकीने झकास थाप तयार ठेवली होती: आम्ही हळदीचे व्यापारी, एक बैल लंगडतोय, रात्रीच्या आत खाली उतरलो नाही तर माल भिजेल. ती घसा खाकरून सुरू करणार इतक्यात डीएम म्हणाला, "चौकीपाशी चौघे उभे आहेत," आणि म्हणतानाच त्याने मोबाइलवर बोट टेकवलं. ढोल आणि तुताऱ्या. योद्धा खेळणाऱ्याचा हात आपोआप वीस बाजूंच्या फाशाकडे गेला. मग माझाही गेला. बैल, हळद, परवाना, सगळं राहिलं बाजूला, आम्ही चौकी कापून काढली. सेशन संपल्यावर डीएम बिचारा म्हणतो, "अरे, तुम्ही बोलला का नाहीत? त्यांना चिरीमिरी चालली असती!"

आता कसं बोलणार होतो? ढोलाने निकाल देऊन टाकला होता.

इथेच सिनेमाचं अनुकरण फसतं. सिनेमात पार्श्वसंगीत चढतं ते बहुतेक वेळा चित्र कापून-जोडून झाल्यावर. कोण मरणार हे संगीतकाराला ठाऊक असतं. आपल्या टेबलावर फासा थांबेपर्यंत डीएमलाही ठाऊक नसतं, 20 पडेल की 1. त्यामुळे प्रसंगाआधी लावलेलं संगीत हा डीएमचा नुसता अंदाज असतो, पण खेळाडूंच्या कानाला तो हुकूम वाटतो. भयाण सूर लावून म्हातारी आणलीत की ती कितीही गोड बोलली तरी तिच्या हातचं ताक कुणी पिणार नाही. तुम्हाला ती चांगली दाखवायची असेल किंवा वाईट, ठरवू द्या की त्यांना.

म्हणून माझा आग्रह: संगीत जागेला द्या, घटनेला देऊ नका. खाडी असेल तर पाणी आणि होडीच्या लाकडाची करकर. बाजार असेल तर गलका. ही जागा ऐकू आली की खेळाडू तिथे उभे राहतात, पण काय करायचं ते त्यांचं त्यांच्या हातात राहतं. आणि अशा साध्या आवाजांचा मोठा फायदा म्हणजे ते बंद करता येतात.

हे बंद करणं म्हणजे काय ते आमच्या सध्याच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत, कळतं. कोकणासारखा मुलुख, जंगलात मुक्काम, मागे रातकिड्यांचा ट्रॅक. अर्धा तास तो चालू होता, कुणाचं लक्षही नव्हतं, चर्चा चालली होती पहारा कोण देणार याची. मी वाक्याच्या मध्यात तो बंद केला आणि बोलत राहिलो. दोन वाक्यं गेली. मग चोराचं पात्र खेळणारी म्हणाली, "थांब. रातकिडे का थांबले?" रातकिडे जवळ हालचाल जाणवली की खरंच गप्प होतात, गावाकडे रात्री बाहेर निघालेल्या कुणालाही विचारा. शेकोटी विझवली गेली, दोघं झाडावर चढले, आणि झाडीत काय आहे हे मी अजून एका शब्दानेही सांगितलेलं नव्हतं. कुठला ऑर्केस्ट्रा हे काम करेल?

आपल्याकडे ही जाण कीर्तनात पहिल्यापासून आहे. बुवा निरूपणाला लागले की पेटीवाला सूर धरून बसतो, बुवांच्या पुढे धावत नाही. बुवांनी अभंगाचं चरण उचललं की टाळ-मृदंग येतात, त्याच्या आधी नाही.

गाणी, म्हणजे शब्द असलेली, मी लावत नाही. आपण बोलणं ऐकत असताना मागे दुसरं बोलणं चालू असलं की डोकं त्यातही अडकतं. ओळखीच्या सिनेमाचं संगीत तर नकोच नको, पहिल्या चार सुरांत कुणीतरी "हे त्या पिक्चरचं ना?" म्हणतं आणि पुढची दहा मिनिटं त्या पिक्चरला जातात.

अपवाद एकच: गाणं जर पात्रांनाच ऐकू येत असेल तर. 1981 साली आलेला कॉल ऑफ क्थुल्हू हा भयखेळ आम्ही 1920च्या दशकातल्या गिरगावात नेऊन खेळलो. वाड्यात ग्रामोफोन होता. आता, भारतातली सुरुवातीची ध्वनिमुद्रणं 1902 साली कोलकात्यात झाली, त्यात गायिका गौहर जान होत्या, आणि गाणं संपलं की त्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. तीनेक मिनिटांची तबकडी आणि मग नाव. मला ही गोष्ट कायम अंगावर काटा आणणारी वाटत आलीय. एका गाणाऱ्या मैत्रिणीकडून मोबाइलवर ठुमरीचा एक तुकडा म्हणवून घेतला, वर थोडी खरखर चढवली. वाड्यात तबकडी लावली, गाणं संपलं, आणि शेवटी जे नाव ऐकू आलं ते समोर बसलेल्या एका खेळाडूच्या पात्राचं होतं. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, उलटी करून ठेवली. कशासाठी, त्यालाच माहीत.

साधनांचं म्हणाल तर फार खर्च नको. टेबलटॉप ऑडिओ या वेबसाइटवर दहा-दहा मिनिटांचे वातावरणाचे ट्रॅक फुकट मिळतात. सिरिनस्केप या अ‍ॅपमध्ये पाऊस, वारा, घोडे वेगवेगळे कमी-जास्त करता येतात, ते मला जास्त आवडतं. स्पॉटिफाय वापरत असाल तर क्रॉसफेड (एक ट्रॅक विरतानाच दुसरा सुरू होणं) 12 सेकंदांपर्यंत ताणा, म्हणजे ट्रॅक बदलताना खड्डा पडत नाही. फुकटवालं स्पॉटिफाय मात्र टाळा, राजाच्या चितेपाशी जाहिरात वाजते. ट्रॅक डाउनलोड करून मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर गुहेतल्या राक्षसाआधी तुमच्या आईचा फोन स्पीकरवर वाजतो.

आणि आवाज! आमचं वन बीएचके, मे महिना, पंखा पाचवर, खालून लोकल, शेजारी कुकर. या सगळ्यावर मात करायला लोक स्पीकर वाढवतात. उलटं करा. संगीत मोठं झालं की आधी व्यंजनं बुडतात, 'पाच' की 'सात' कळत नाही, आणि डीएम ओरडायला लागतो. स्पीकर टेबलावर ठेवू नका, पुस्तकांच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवा. शेवटच्या खुर्चीवरून दोनदा "काय म्हणालास?" आलं की आवाज जास्त आहे, एवढं माप पुरतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही ते मान्य आहे.

गणपतीत खेळत असाल तर स्पीकर आणूच नका. गल्लीतला ताशा थेट खेळात घ्या. आमच्या जंगलातल्या गावाची जत्रा अशीच एका रविवारी जन्माला आली, कुणाच्याही तयारीशिवाय.

पावसाळ्यात लोकल बंद पडली की आम्ही ऑनलाइन खेळतो. तिथे माइकमधून संगीत सोडू नका, डिस्कॉर्ड या बोलायच्या अ‍ॅपचं नॉइज सप्रेशन, म्हणजे नको ते आवाज गाळणारी सोय, त्याला गोंगाट समजून तुकडे तुकडे करतं.

आमच्या टेबलावर योद्धा खेळणारा मित्र ही पोस्ट वाचून चिडणार आहे, त्याला लढाईत ढोल हवेच असतात. त्याच्याशी तडजोड झालीय: इनिशिएटिव्हचे (लढाईत आधी कुणाची पाळी हे ठरवणारे) फासे पडले, म्हणजे लढायचं हे सगळ्यांनी ठरवलं, की त्याने स्वतःच्या मोबाइलवरून काय हवं ते लावावं. आणि कुणी मध्येच शरण आलं तर बंदही त्यानेच करायचं. गेल्या वेळी एक दरोडेखोर हात जोडून उभा होता आणि याला बटण सापडत नव्हतं.