डोळ्याला आणि लाळेला व्हेगसचा तंतू जातच नाही

"कानामागे आणि जबड्याच्या कोनाखाली दोन्ही बाजूंनी दोन मिनिटे दाबा. व्हेगस नर्व्ह जागी होते. डोळ्यांची आणि तोंडाची कोरड जाते, अंधूक नजर सुधारते, धडधड थांबते." अशा आशयाचे व्हिडिओ सध्या घरोघरी फिरत आहेत. यातले काही दावे चुकीचे आहेत आणि एक धोकादायक आहे.

"डोळे, अश्रू, लाळ हे सगळे व्हेगसच्या ताब्यात असते"

नसते. डोक्यातल्या या अवयवांना पॅरासिंपथेटिक तंतू (शरीर निवांत असताना ग्रंथी, पचन, हृदयगती आपोआप सांभाळणारे) तीन नर्व्ह पुरवतात: मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी तिसरी, सातवी आणि नववी. दहावी, म्हणजे व्हेगस, खाली उतरते आणि घसा, हृदय, फुप्फुसे, पचनमार्ग सांभाळते. बाहुली, अश्रुग्रंथी किंवा लाळग्रंथी यांच्यापर्यंत तिचा एकही तंतू पोहोचत नाही.

बाहुली आकसणे आणि जवळचे पाहताना भिंगाची जाडी बदलणे ही कामे तिसऱ्या नर्व्हची. तिचे तंतू डोळ्याच्या गोळ्यामागच्या सिलियरी गँग्लियनमध्ये (गँग्लियन म्हणजे नर्व्हच्या पेशींची गाठ) थांबतात आणि तिथून पुढचे तंतू डोळ्यात शिरतात. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसते ते भिंग ताठर झाल्यामुळे. त्याला नेहमीचा उपाय चष्मा आहे, मान दाबून भिंग मऊ होत नाही.

अश्रूंचा रस्ता याहून वळणाचा आहे. सातव्या नर्व्हमधून निघालेले तंतू टेरिगोपॅलाटाइन गँग्लियनमध्ये बदली घेतात आणि मग पाचव्या नर्व्हच्या फांद्यांवरून अश्रुग्रंथीपर्यंत जातात. जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या लाळग्रंथींना सातवीच तंतू पुरवते. ते कॉर्डा टिंपनीमार्गे, मधल्या कानातून जातात. कानाच्या शस्त्रक्रियेत ही बारीक नर्व्ह दुखावली तर जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणि त्या बाजूची लाळ दोन्ही घटू शकतात. गालातल्या पॅरोटिड ग्रंथीची लाळ मात्र नववीकडून, ऑटिक गँग्लियनमार्गे.

ही जोडणी किती नेमकी आहे ते बिघाडात कळते. पॅरोटिडच्या शस्त्रक्रियेनंतर लाळेचे तंतू भरकटून गालाच्या घामग्रंथींना जाऊन मिळाले, तर जेवताना गालाला घाम सुटतो. चेहऱ्याच्या पक्षाघातातून बरे होताना लाळेचे तंतू अश्रुग्रंथीकडे वळले, तर घास घेताच डोळ्यातून पाणी येते. सगळा कारभार व्हेगसचा असता तर यातले काहीच घडले नसते.

कोरड टिकून राहिली तर आधी औषधांची यादी तपासावी. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, अमिट्रिप्टिलीन (नैराश्य आणि नर्व्हच्या दुखण्यावरचे औषध) आणि लघवीच्या घाईवरची काही औषधे हेच पॅरासिंपथेटिक संदेश अडवतात. डोळे आणि तोंड दोन्ही महिनोन्महिने कोरडे असतील, तर शोग्रेन आजाराची (यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते) तपासणी करून घ्यावी.

"कानामागे व्हेगस असते"

कानामागच्या त्वचेला मानेतून वर येणाऱ्या मणक्याच्या नर्व्ह पुरवतात. व्हेगसची एक छोटी फांदी कानाच्या खळग्यात आणि कानाच्या नळीत असते. कान कोरताना खोकला येतो तो तिच्यामुळेच. पण ती स्पर्श मेंदूकडे नेणारी फांदी आहे. हृदयाकडे किंवा ग्रंथींकडे हुकूम नेणारी नाही.

"जबड्याखाली दाबा"

इथे जीव घाबरा व्हावा. थायरॉइड कूर्चेच्या (गळ्यातल्या कंठमण्याच्या) वरच्या कडेजवळ मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी दुभंगते आणि तिथेच कॅरोटिड सायनस, म्हणजे रक्तदाब जोखणारा धमनीचा भाग, असतो. त्यावर दाब पडला की नववी नर्व्ह मेंदूला कळवते आणि व्हेगस हृदयाची गती उतरवते. म्हणून तर मसाजने कधी धडधड थांबते. पण रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्धही पडतो, आणि धमनीत चरबीचा थर असेल तर त्याचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. डॉक्टरसुद्धा हे ईसीजी लावून, आधी स्टेथोस्कोपने धमनी ऐकून, एका वेळी एकाच बाजूला, पाच-दहा सेकंदच करतात. नुकताच मेंदूचा झटका (लकवा) येऊन गेलेल्यांना करत नाहीत. दोन्ही बाजू एकदम दाबणे तर कोणालाही वर्ज्य.

"धडधड थांबते"

यात तथ्याचा अंश आहे, पण एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी अतिजलद लय) नावाच्या एका प्रकारापुरताच, आणि त्याला मान दाबायची गरज नाही. अर्धवट टेकून बसवलेल्या रुग्णाला १५ सेकंद जोर लावून फुंकायला लावतात. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या जेमतेम हलेल इतका जोर. लगेच त्याला आडवे करून पाय ४५ अंशांपर्यंत १५ सेकंद उचलून धरतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील ४२८ रुग्णांवरच्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय मिनिटभरात सुधारली. नुसते फुंकण्याने १७ टक्क्यांची. पहिल्यांदाच धडधड झाली असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर घरी प्रयोग न करता ईसीजी काढावा.

सावकाश श्वास, मिनिटाला सुमारे सहा, हा मात्र निर्धोक आहे. त्याने व्हेगसचा हृदयावरचा परिणाम खरोखर दिसतो.

"पापणी जड वाटते? तेही व्हेगस"

एका बाजूची पापणी एक-दोन मिलिमीटर खाली आणि त्याच बाजूची बाहुली लहान, हे सिंपथेटिक (ताणाच्या वेळी काम करणाऱ्या) तंतूंच्या वाटेवरच्या बिघाडाचे लक्षण आहे. ते तंतू छातीच्या वरच्या भागातून मानेत चढतात आणि कॅरोटिडला वेढून डोळ्यापर्यंत जातात. सोबत मान किंवा चेहरा नव्याने दुखत असेल तर धमनीचा आतला पदर फाटलेला असू शकतो. तिथे चोळणे म्हणजे फाटलेल्या जागेवर आणखी ताण देणे. त्याच दिवशी, ताबडतोब, मोठ्या रुग्णालयात जावे. याउलट पापणी पूर्ण मिटलेली, बाहुली मोठी आणि डोके फुटेल असे दुखत असेल, तर मेंदूतल्या धमनीचा फुगा तिसऱ्या नर्व्हवर दाबत असण्याची शक्यता असते. त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवावी.