फार्मासिस्ट व्हा, पण 2003 च्या आधी

कुडाळ-कणकवलीत बसून अमेरिकेतल्या फार्मसीत उभं राहायची स्वप्नं बघणाऱ्या बी. फार्म. मंडळींनो, पहिला सल्ला असा की पदवी 1 जानेवारी 2003 च्या आधी घ्या. त्यानंतर पदवीधर झालेल्याचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा, असा तिथला नियम आहे आणि आपलं बी. फार्म. चार वर्षांचं. तेव्हा आपण बालवाडीत होतो ही सबब तिथे चालत नाही. सहा वर्षांचं फार्म. डी. केलं असतंत तर निभावलं असतं. पण मामांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, मेडिकल टाकायला डी. फार्म.ची पदविका पुरे.

पाच वर्षं भरत असतील तर पुढे सगळं सोपंच. पदवीचं मूल्यमापन, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, एफपीजीईई ही परदेशी फार्मसी पदवीधरांची परीक्षा, मग त्या त्या राज्याने ठरवलेले इंटर्नशिपचे तास, मग नॅप्लेक्स ही परवान्याची परीक्षा आणि बहुतेक राज्यांत कायद्याची वेगळी परीक्षा. डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं हा इंग्रजीचा पुरावा धरत नाहीत. फी प्रत्येक पायरीला निराळी आणि डॉलरात. वडिलांची आंब्याची कलमं असतील तर त्यांना आत्ताच सांगा, की फीची मुदत वाशीचा दलाल विक्रीची पट्टी पाठवेपर्यंत थांबत नाही.

नाहीतर कॅनडा आहेच. तिथे चार वर्षांची पदवी चालते. आधी कागद तपासतात, मग मूल्यांकन परीक्षा, मग पात्रता परीक्षेचे दोन भाग. दुसऱ्या भागात खोटे रुग्ण समोर येतात. दशावतारात राजा जसा ऐनवेळी संवाद रचतो, तसं तुम्ही त्या रुग्णाशी बोलायचं, फक्त बाजूला बसलेला परीक्षक टाळ्या न वाजवता गुण लिहितो. घाटावरच्या मुलांपेक्षा इथे आपल्याला थोडी आघाडी आहे, असं माझं प्रामाणिक मत.

गुणपत्रिकांचं तेवढं सांभाळा. त्या विद्यापीठाकडूनच थेट परदेशी जायला हव्यात. तुमचा हात लागला की कागद बाटला. म्हणजे चार वर्षं रात्री जागून मिळवलेल्या गुणांच्या बाबतीत सर्वांत अविश्वासू माणूस तुम्ही. अर्ज चतुर्थीच्या तोंडावर टाकू नका. त्या दिवसांत तुतारी एक्सप्रेसमध्ये जागा नसते आणि विद्यापीठाच्या खिडकीपलीकडचे साहेबही आपल्यासारखेच गावी आलेले असतात.

आजीला यातलं काही सांगायला जाऊ नका. ती एकच विचारील, "गोळये इकूक इतक्या लांब कित्याक जातस? हय मेडिकलां नाय काय?"

आहेत की! आणि परवाना चालवायला इथल्याइतकी सोय जगात नाही. फार्मसी कायदा 1948 चा. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी औषध देऊ नये, असं 42 वं कलम सांगतं. म्हणून कुणाच्या तरी दुकानात तुमचं सर्टिफिकेट फ्रेम करून टांगायचं. महिन्याला ठरलेली रक्कम घरी येते, तुम्ही घरी टोफेलचा अभ्यास करा, गोळ्या मालकाचा मेव्हणा देतो. तिकडचे लोक बिचारे परवान्यासोबत माणूसही मागतात.

पुढे एखाद्या अर्जात कामाचा अनुभव लिहायची वेळ आलीच, तर त्या दुकानात तुम्ही नेमकं काय काय करत होतात, हे मेव्हण्याला आधी नीट विचारून घ्या.