हात पसरणारा आणि हिशेब मागणारा

इंदूरमध्ये १ जानेवारी २०२५ पासून भीक देणं हासुद्धा गुन्हा ठरला. मागण्यावर बंदी आधीच होती. आता देणाऱ्यावरही पोलिसांत गुन्हा नोंदवायचा, असा आदेश जिल्हा प्रशासनाने काढला. महिन्याभरात भोपाळनेही तोच रस्ता धरला. भारतातल्या माझ्या बहुतेक नातेवाइकांना हे मनापासून आवडलं. "बरं झालं, कुणीतरी हिंमत केली," असं माझा मावसभाऊ म्हणाला. तो निष्ठुर माणूस नाही, दोन परक्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च गुपचूप उचलतो. म्हणूनच त्याचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही, आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं.

मी कॅलिफोर्नियात राहते. इथे हमरस्त्यावरून गाडी खाली उतरली की सिग्नलपाशी पुठ्ठ्याची पाटी धरून कुणीतरी उभं असतं. काच खाली करायची की नाही, यावरून गाडीत बसलेल्यांत जे बोलणं होतं ते ऐकलं की वाटतं, आपण भारतातच आहोत. फक्त संशयाचं नाव वेगळं. भारतात म्हणतात, यांच्यामागे टोळ्या आहेत, संध्याकाळी कुणीतरी येऊन सगळी कमाई गोळा करून नेतं. इथे म्हणतात, दिलेला पैसा सरळ दारू आणि ड्रग्जमध्ये जातो. भारतात म्हणतात, हे सगळे बाहेरून आपल्या शहरात येतात. इथे म्हणतात, उबदार हवेसाठी देशभरातून कॅलिफोर्नियात येतात. आणि "धडधाकट आहे, काम का करत नाही?" हा प्रश्न तर दोन्हीकडे अगदी त्याच सुरात विचारला जातो.

या शंकांना उत्तरं नाहीत असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२३ मध्ये राज्यातल्या बेघरांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी नऊ जणांचं शेवटचं घर कॅलिफोर्नियातच होतं. चौघांपैकी तिघे तर ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, घर गेलं तिथेच अजून राहत होते. एकट्या राहणाऱ्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्मे पन्नाशीच्या पुढचे. घर जाण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत त्यांच्या कुटुंबाचं मासिक उत्पन्न, मध्यक काढला तर, ९६० डॉलर होतं, म्हणजे निम्म्यांचं याहूनही कमी. इथलं घरभाडं ज्याला माहीत आहे त्याला या आकड्यापुढे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. महिन्याला ३०० ते ५०० डॉलरची मदत मिळाली असती तर आपलं छप्पर बराच काळ टिकलं असतं, असं त्यांच्यातल्या ७० टक्के लोकांनी सांगितलं.

"काम का करत नाही?" याचं उत्तर न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहराने २०१५ मध्ये करून पाहिलं. पाटी धरून उभ्या असलेल्यांपाशी पालिकेची एक व्हॅन जायची आणि दिवसभराच्या साफसफाईच्या कामाला येता का, म्हणून विचारायची. ताशी ९ डॉलर, दुपारचं जेवण आणि संध्याकाळी हवं असेल तर निवाऱ्याची सोय. माणसं व्हॅनमध्ये बसली, कामाला गेली. म्हणजे प्रश्न खरोखर उत्तरासाठी विचारला तर उत्तर मिळतं. आपण तो बहुतेकदा काच वर करताना विचारतो.

दारूच्या शंकेवर व्हँकुव्हरचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. तिथे २०१८ मध्ये ५० बेघर व्यक्तींना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकरकमी, कोणतीही अट न घालता दिले आणि वर्षभर त्यांची विचारपूस केली. पैसे न मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांचे रस्त्यावरचे दिवस कमी झाले आणि व्यसनांवरचा खर्च वाढला नाही. हेही सांगायला हवं की तीव्र व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना निवडतानाच वगळलं होतं, त्यामुळे हा निष्कर्ष सगळ्यांना लावता येणार नाही. पण सर्वसाधारण लोकांना अंदाज विचारला तेव्हा, तीच रक्कम बेघर माणसाच्या हाती पडली तर ती घर असलेल्या माणसापेक्षा व्यसनावर जास्त उडेल, असं त्यांना वाटत होतं. संशय बेघरपणावर होता. व्यसन आहे की नाही, हे अंदाज करणाऱ्यांनी पाहिलंच नव्हतं.

आणि ज्याला खरंच व्यसन आहे त्याचं काय? त्याला दिलेल्या नोटेची दारू होऊ शकते, हे मी मान्य करते. तरीही मी देते. आपल्या पगाराचं आपण काय करतो हे मालक विचारायला येत नाही, तसंच हातातून सुटलेल्या पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार मलाही राहत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जेवण द्यावं, संस्थेला देणगी द्यावी, किंवा काहीच देऊ नये. न देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. माझा आक्षेप आहे तो या वैयक्तिक संकोचाचा सरकारी कायदा करण्याला.

आपल्याकडचा १९५९ चा मुंबईचा भीक-प्रतिबंधक कायदा किती जणांनी वाचलाय? सार्वजनिक जागी गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून पैसे मागणं ही त्यात भीकच. उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसताना, जगतोय तो भीक मागूनच असं वाटावं अशा स्थितीत भटकणं हीसुद्धा भीक. पहिल्यांदा दोषी ठरल्यावर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुढे दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता. देशातल्या अनेक राज्यांनी याच धर्तीवर कायदे केले. महाराष्ट्रातल्या भिक्षेकरी गृहांत ठेवलेल्यांपैकी जे तिथे काम करतात त्यांना कित्येक दशकं महिन्याला ५ रुपये मिळत होते. ते दिवसाला ४० रुपये करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. धडधाकटांना कामाला लावा म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट पाहावा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची शिक्षेची कलमं रद्द केली. २०२१ मध्ये, महामारीच्या काळात, भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. आपण उच्चभ्रू दृष्टिकोन घेणार नाही, असं सांगून न्यायालयाने ती नाकारली.

अमेरिका या बाबतीत पुढे आहे असं मुळीच नाही. मागणं हे इथे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं, आणि २०१५ नंतर भीकबंदीचे कित्येक स्थानिक नियम न्यायालयांत टिकले नाहीत. मागायला परवानगी आहे, झोपायला नाही. ऑरेगॉनमधल्या ग्रँट्स पास या छोट्या शहराने उघड्यावर पांघरूण घेऊन झोपणाऱ्यांना २९५ डॉलर दंड लावला, आणि २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो घटनाबाह्य नाही असं ठरवलं. झोप ही शरीराची गरज आहे, तो गुन्हा नव्हे, असं न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत त्याने हा दंड कुठून भरायचा? त्यानंतर महिन्याभरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनीही तंबू हटवण्याचा आदेश काढला. ज्या देशाचं उदाहरण भारतात ऊठसूट दिलं जातं, तिथे जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या मोजणीत ७,७१,४८० माणसं बेघर होती.

मावसभावाचा एक मुद्दा मात्र मला जड वाटतो, आणि तो लहान मुलांचा आहे. सिग्नलवर कडेवर बाळ घेऊन उभी असलेली सात-आठ वर्षांची मुलगी पाहिली की काय करावं? तिच्या हातावर पैसे ठेवले की उद्या तिला शाळेऐवजी इथेच उभं केलं जाईल, ही भीती खरी आहे. मी मुलांच्या हातात पैसे देत नाही. १०९८ या चाइल्डलाइनला फोन करते. पण टोळीवाल्यांसाठी कायदा आहेच. बाल न्याय कायद्याच्या ७६ व्या कलमानुसार मुलांना भिकेला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो; भारतीय न्याय संहितेत तर भिकेसाठी मूल पळवणाऱ्याला किमान दहा वर्षं आहेत. टोळी पकडायची तर ही कलमं वापरा. ती बाजूला ठेवून देवळाबाहेर दहा रुपये देणाऱ्या बाईवर गुन्हा नोंदवल्याने एकही मूल सुटत नाही.

गाडगेबाबांचं नाव या वादात दोन्ही बाजू घेतात. बाबा आधी गाव झाडायचे आणि मग भाकरी घ्यायचे, असं कष्टाची बाजू मांडणारे सांगतात, आणि ते खरंच आहे. पण त्याच बाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न आणि बेघरांना आसरा आहे, आणि त्यापुढे पात्रतेची कुठलीही अट नाही. त्यांनी धर्मशाळा बांधल्या.

म्हणून मावसभावाला माझी विनंती एवढीच की पालिका निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला भीकबंदीबद्दल विचारू नकोस, निवाऱ्यांबद्दल विचार. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बारा महिने, चोवीस तास चालणारा किमान एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. तुझ्या शहरात असे किती आहेत, रात्री अकरा वाजता त्यांचं दार उघडं असतं का, आणि बायकांना तिथे निर्धास्त झोपता येतं का?