तामन सारीमधील ‘गल्ल्या’ आणि ‘हरवलेले तळे’ : आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदया,

इंडोनेशियातील जाव्हा बेटावरच्या योग्यकर्ता शहरातील तामन सारी, म्हणजे सुलतानांचे जुने जलउद्यान, आपण आमच्या सहलीत पाहिलेत आणि त्यावर सविस्तर अभिप्राय लिहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. ‘जलमहाल म्हणून दोन-तीन हौद दाखवले, मग तासभर वस्तीच्या गल्ल्यांतून पायपीट करवली, तळे तर कुठेच नव्हते, तो वेळ खरेदीला दिला असता तर बरे’, असे आपले म्हणणे आहे. सहलीचा आयोजक या नात्याने मला ते मान्य करता येत नाही, म्हणून कारणे सांगतो.

ज्या गल्ल्यांतून आपण चाललात, तोच तळ्याचा तळ आहे. योग्यकर्ताचे पहिले सुलतान हमेंगकुबुवोनो यांनी 1758 च्या सुमारास हे उद्यान उभारायला घेतले, तेव्हा त्याचा सर्वांत मोठा भाग म्हणजे सेगारन हा कृत्रिम जलाशय होता आणि त्यात पुलो केनंगा नावाच्या बेटावर उंच महाल होता. 1812 मध्ये इंग्रजांनी राजवाड्यावर हल्ला केला, त्यानंतर उद्यानाचा वापर जवळजवळ थांबला. 1867 च्या भूकंपात इमारती कोसळल्या, पाणी आटले आणि कोरड्या जागेवर लोकांनी घरे बांधली. तीच आजची कांपुंग तामन ही बाटिक (मेणाच्या साहाय्याने रंगवलेले नक्षीदार कापड) कारागिरांची वस्ती. घरांच्या मधूनच वर आलेले छोटे मनोरे आपल्याला आठवत असतील. ते भुयारी वाटेला हवा मिळावी म्हणून बांधलेले असून, पाणी असताना माणसे खालून चालत असत.

त्याच वाटेने आपण सुमुर गुमुलिंग या दुमजली गोलाकार वास्तूत पोहोचलात. तिथे नमाज होत असे; मिहराबाचा, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा, कोनाडा आजही भिंतीत आहे. मधोमध, उघड्या आकाशाखाली, चार जिने एका चौथऱ्यावर येऊन मिळतात आणि पाचवा तिथून वरच्या मजल्यावर जातो. जाव्हातील इतकी विलक्षण जागा केवळ गल्ल्या नकोत म्हणून वगळणे माझ्या मनाला पटत नाही.

हौदांबद्दलही थोडे. उंबुल पासिरामन या स्नानगृहात एकूण तीन हौद आहेत: दोन उत्तरेच्या मोकळ्या चौकात आणि एक दक्षिणेला, केवळ सुलतानांसाठी. दोहोंमध्ये मनोऱ्याची इमारत आहे, त्यामुळे दक्षिणेचा हौद चौकातून दिसत नाही. शिवाय आज प्रवेश पूर्वेच्या गापुरा पांगुंगमधून असतो, तर मूळ दर्शनी दरवाजा पश्चिमेचा गापुरा आगुंग होता. मूळ मांडणी ध्यानात यावी म्हणून आम्ही मुद्दाम तिथपर्यंत नेतो. पूर्व दरवाजाशी निगडित असलेला ‘चतुर नाग रस तुंगल’ हा कालश्लेष (शब्दांत दडवलेले वर्ष) तर मराठी माणसाने आवर्जून पाहावा असा आहे. या चार शब्दांनी अनुक्रमे सुचवलेले चार, आठ, सहा, एक हे अंक उलटे वाचले की 1684 हे जाव्हानी वर्ष मिळते, आणि त्या वर्षगणनेचे मूळ आपल्याच शालिवाहन शकात आहे.

खरेदीसाठी मालिओबोरो रस्त्यावर संध्याकाळ राखून ठेवलेली असतेच. ज्यांना चालणे त्रासाचे वाटते, त्यांनी स्नानगृह पाहून प्रवेशद्वाराजवळ थांबावे. तिथे आमचा एक सहकारी सोबत राहील. बाकी मंडळींना मात्र यापुढेही त्याच गल्ल्यांतून सुमुर गुमुलिंगपर्यंत नेले जाईल.

आपला,
सहल आयोजक