युकेत आशियाई लोकांना नोकरीत कोटा? तो मेसेज चुकीचा आहे

"युकेत आता कायद्यानेच आशियाई लोकांना जागा राखीव, पात्रता कमी असली तरी घ्यावंच लागतं" असा मेसेज इकडच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय, आणि नवीन आलेली मुलं खरं धरून चाललीयेत म्हणून लिहितेय.

असा कोटा नाहीये. इक्वॅलिटी अ‍ॅक्ट 2010 (भेदभावाविरुद्धचा कायदा) चं कलम 158 आणि 159 सरकारी साइटवर फुकट वाचता येतं. 158 म्हणजे ज्या गटाचे लोक त्या कामात कमी आहेत किंवा ज्यांना अडचणी आहेत त्यांच्यासाठी ट्रेनिंग, मेंटॉरिंग, जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचवणं वगैरे. 159 भरती-बढतीचं, पण उमेदवार सारख्याच पात्रतेचे असतील तरच, आणि सरसकट धोरण म्हणून ते वापरता येत नाही. दोन्ही कंपनीच्या मर्जीवर, त्यामुळे "घ्यावंच लागतं" कुठून आलं देव जाणे. ही झाली पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन.

कमी पात्र माणसाला फक्त वंश किंवा लिंग बघून घेतलं तर ते पॉझिटिव्ह डिस्क्रिमिनेशन, आणि ते बेकायदा. चेशायर पोलिसांनी मुलाखत पास झालेल्या सव्वाशेच्या आसपास लोकांना सगळे सारखेच पात्र धरलं आणि मग वंश, लिंग वगैरे बघून निवड केली, एक गोरा उमेदवार ट्रायब्युनलमध्ये (नोकरीच्या तक्रारींच्या न्यायालयात) गेला आणि 2019 मध्ये जिंकला.

अपंगांचं मात्र वेगळं, त्यांना झुकतं माप देणं कायदेशीर आहे.

तर तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर टाकलाय तिथे हे टाका.