शुल्क शून्य झाले तरी सीमा उरतेच

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझ्या थोरल्या भावाचे छोटे वर्कशॉप आहे. गेल्या दिवाळीत युरोपीय महासंघाबरोबरच्या मुक्त व्यापार कराराचा विषय निघाला, तेव्हा दादा म्हणाला, "तिकडची यंत्रे स्वस्त मिळतील, पण तयार मालही स्वस्त येईल, मग आम्ही जॉबवर्क कोणाचे करायचे?" ही भीती खरी आहे. स्पर्धेने उत्पादकता वाढते, हे पुस्तकी उत्तर तिला पुरत नाही. पण 2007 मध्ये या कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्यापासून आपण आयातशुल्काच्या टक्क्यांवरच भांडत आलो आहोत, हे मला खटकते.

मी नेदरलँड्समध्ये ब्रेडा येथे राहतो. अँटवर्पला जाताना हेझलडाँकपाशी बेल्जियम सुरू होतो, तो फक्त निळ्या पाटीवरून कळतो. नाशिकजवळच्या विल्होळी जकात नाक्यावरची ट्रकची रांग पाहिलेल्या माणसाला ते आजही नवल वाटते. वाचलेला वेळ हा त्यातला छोटा फायदा. सुटा भाग एका देशात, जुळणी दुसऱ्यात, अशी कामाची वाटणी बिनधोक करता येते आणि त्यामुळे प्रत्येक कारखाना आपल्या एका कामात तरबेज होतो, हा मोठा. ब्रिटनने 2021 पासून महासंघाचा एकल बाजार, म्हणजे समान नियमांची ही सामाईक बाजारपेठ, सोडला. करारामुळे शुल्क शून्यच राहिले, तरी कागदपत्रे आणि तपासण्या वाढल्याने दीर्घकाळात तेथील उत्पादकता सुमारे 4 टक्क्यांनी कमी राहील, असे त्यांच्याच अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाने गृहीत धरले आहे. अर्थात एकीकरण पुरेसे नाही. अमेरिकेच्या तुलनेत युरोप मागे पडल्याचे युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख मारिओ द्राघी यांच्या अहवालाने 2024 मध्ये स्पष्ट सांगितले.

शुल्कापेक्षा तपासणी मोठी अडचण ठरू शकते, हे नाशिकच्या बागायतदारांना 2010 मध्ये कळले. क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश आढळल्याने द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. अंशांची मर्यादा 2008 पासून सगळ्या महासंघात एकच असल्यामुळे एक दार बंद झाले की सगळी बंद होतात. पण त्याच नियमामुळे एकदा उत्तीर्ण झालेला माल कुठेही विकता येतो.

म्हणून कराराबरोबर घराजवळ मान्यताप्राप्त तपासणीची सोय मागायला हवी. गेल्या वर्षी दादाने नमुना पुण्याला पाठवला. अहवाल यायला तीन आठवडे लागले, तोवर जर्मन ग्राहकाने ऑर्डर दुसरीकडे दिली होती.